घेतलं कोणी, परत करायचं कोणी?

पाऊस लागला की आमचा प्रोग्रॅम बंद पडायचा.

वडोदऱ्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक भागातल्या काही लहान कारखान्यांतली यंत्रं दर अर्ध्या मिनिटाला आपलं तापमान, दाब, झालेल्या नगांची मोजणी असं सगळं पाठवत असतात. आमचा प्रोग्रॅम ते गोळा करून डेटाबेसात ठेवतो. यंत्रं ४०, सर्व्हर एक. उन्हाळ्यात हा प्रोग्रॅम तीन-तीन आठवडे विनातक्रार चालायचा. आषाढ लागला की दर चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन यायचा, "बेन, पाछुं बंध थई गयुं." (ताई, पुन्हा बंद पडलं.) रात्रपाळीचा मुलगा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायचा, सगळं ठीक व्हायचं, आणि पुढचे चार दिवस कोणी त्याचं नाव काढायचं नाही. सर्व्हर तर वडोदऱ्यात नव्हताच. तो दुसऱ्या शहरात, वातानुकूलित खोलीत होता. त्याच्यावर पावसाचा थेंबही पडत नव्हता.

या बिघाडाचा छडा लावताना रिसोर्स लीक हा विषय मला खऱ्या अर्थाने कळला. कॉलेजात तो दोन वाक्यांत संपतो: जे घेतलं ते परत करा, नाहीतर संपेल. पण प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे अनेक हात, एकाच वेळी काम करत असले की "परत करा" हे कोणाला सांगायचं, हाच प्रश्न अवघड होऊन बसतो. तो प्रश्न जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडते.

लीक म्हणजे गळती. हा शब्द मला थोडा फसवा वाटतो. गळती म्हटलं की ठिबकणारा नळ डोळ्यांसमोर येतो. पाणी वाहून जातं, कुठेतरी भोक असतं, ते शोधून बुजवायचं. इथे काहीच वाहून जात नाही. उसनी घेतलेली वस्तू परत केली जात नाही, एवढंच घडतं. ती वस्तू प्रोग्रॅमच्या नावावर तशीच पडून असते, फक्त कोणाच्या उपयोगाची राहिलेली नसते. म्हणून शोधायचं ते भोक नाही. शोधायची ती उसनवारी.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजीकडे पितळेची मोठी भांडी होती. पातेली, पराती, घंगाळं. आळीत कुणाची मुंज असो, बारसं असो, भांडी आमच्याकडून जायची. प्रत्येक भांड्याच्या काठावर आजोबांचं नाव घातलेलं होतं. तरी दोन-चार भांडी दरवर्षी परत यायची राहायचीच. भांड्यावरचं नाव ते भांडं कोणाचं आहे हे सांगतं. सध्या ते कोणाकडे आहे हे सांगत नाही. शेवटी आजीने एक वही घातली: काय नेलं, कोणी नेलं, कधी, कशासाठी. या वहीकडे मी पुन्हा येणार आहे.

प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टीमकडून काय काय उसनं घेतो? मेमरी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याशिवाय उघडलेल्या फायली, नेटवर्कची सॉकेट (म्हणजे जोडणीची आपल्याकडची टोकं), डेटाबेसची कनेक्शनं, लॉक, आणि खुद्द थ्रेडसुद्धा. लिनक्समध्ये उघडलेल्या प्रत्येक फायलीला आणि सॉकेटला एक क्रमांक मिळतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे क्रमांक सुरुवातीलाच वापरात असतात. त्यानंतर मागाल तेव्हा सगळ्यांत लहान मोकळा क्रमांक हाती येतो. एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, असे किती क्रमांक मिळतील याला मर्यादा असते. ती बहुतेक ठिकाणी १०२४ असते, आमच्या प्रोग्रॅमला ४०९६ होती. मर्यादा संपली की "टू मेनी ओपन फाइल्स" अशी चूक येते.

ही चूक जिथे दिसते तिथे दोष जवळजवळ कधीच नसतो. पंगतीला शेवटचा माणूस आला आणि पाट शिल्लक नव्हते, तर पाट त्याने संपवलेले नसतात. आमच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या रोजनिशीत, ही चूक नेहमी अहवाल छापणाऱ्या कोडमध्ये यायची आणि त्या बिचाऱ्या कोडची तीनदा तपासणी झाली होती. तो स्वच्छ होता. त्याला सर्वांत शेवटी पाट मागायची वेळ यायची, इतकंच.

जावासारख्या भाषांत मेमरी आपोआप आवरली जाते, मग हा त्रास का, असं नवी मुलं विचारतात. आवरणारा जो गार्बेज कलेक्टर असतो तो मेमरीपुरता पाहतो. मेमरी मुबलक असेल तर तो निवांत असतो, मग डिस्क्रिप्टरचे शेवटचे दोनच क्रमांक का उरले असेनात. वस्तू मरताना तिच्याकडूनच आवराआवर करून घेण्याची जावातली जुनी सोय, फायनलाइज, इतकी बेभरवशाची ठरली की २०१७ साली जावा ९ मध्ये ती टाळण्याजोगी म्हणून जाहीर झाली. आणि एखादा जिवंत थ्रेड जी वस्तू धरून बसला आहे ती तर कचरा ठरतच नाही.

आता थ्रेड. लग्नघराचं स्वयंपाकघर आठवा. कोठी एकच, भांडी तीच, चुली त्याच. हात मात्र आठ-दहा बायकांचे. एक भाजी चिरते, दुसरी फोडणी देते, तिसरी तेच पातेलं उचलून वाढायला नेते. हे स्वयंपाकघर म्हणजे प्रोसेस आणि त्यातली प्रत्येक बाई म्हणजे एक थ्रेड. एकटीचा स्वयंपाक असेल तर पातेलं कोणी घासायचं हा प्रश्न पडत नाही. दहाजणींत मात्र प्रत्येकीला वाटतं की दुसरी घासेल. किंवा दोघी एकाच पातेल्याला हात घालतात.

अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये उसनवारी बुडण्याची जी कारणं मी पाहिली त्यांतली बहुतेक या दोन वाक्यांत बसतात. पहिला प्रकार: एक थ्रेड कनेक्शन उघडतो आणि दुसऱ्याला काम करायला देतो. देताना मधली रांग भरलेली निघाली तर ते कनेक्शन बंद कोण करणार? देणाऱ्याच्या मते आपलं काम संपलं, घेणाऱ्याला ते कधी मिळालंच नाही. दुसरा प्रकार: दोन थ्रेड एकाच क्षणी पाहतात की लॉगची फाइल अजून उघडलेली नाही. दोघेही ती उघडतात. दोघेही ती एकाच जागी नोंदवतात. नंतरची नोंद आधीची पुसून टाकते, आणि आधी उघडलेली फाइल कोणाच्याच हिशोबात न राहता उघडी पडून राहते. हे हजारांत एकदा घडतं. चाचणीत शंभर वेळा चालवलं तर दिसणारही नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळते: बहुतेक गळती सरळ वाटेवर होत नाही, ती आडवाटेवर होते. सगळं सुरळीत चाललं तर घेतलेलं परत होतं, कारण ती वाट रोज शेकडो वेळा चालून पाहिलेली असते. काहीतरी बिनसतं तेव्हाचा कोड कोणी चालवून पाहिलेला नसतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये मोठा बिघाड झाला, त्याचं त्यांनी स्वतः दिलेलं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. माहिती गोळा करणारा एक सर्व्हर बदलला गेला, नवा पत्ता सगळीकडे नीट पोचला नाही, म्हणून साठवणुकीच्या काही सर्व्हरांवरचा एक एजंट, म्हणजे मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम, जुन्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा संपर्क करू पाहत राहिला. जोडणी फसली की त्या एजंटची थोडी मेमरी बुडायची. थेंबाथेंबाने साठत ती मूळ कामाला अपुरी पडली. जोडणी होत होती तोवर हा दोष असूनही कोणाला दिसण्याचं कारण नव्हतं.

आमच्या पावसाकडे वळते.

सर्वांत आधी मी रात्रपाळीच्या मुलाला एक विनंती केली: पुन्हा सुरू करण्याआधी दोन मिनिटं थांब. प्रोग्रॅम बंद केला की सगळी उसनवारी आपोआप फिटते आणि पुरावाही तिच्याबरोबर जातो. पुन्हा सुरू करणं वाईट नाही, कारखान्याचं काम अडलेलं असताना तेच करायला हवं. पण त्याआधी उघड्या डिस्क्रिप्टरची यादी आणि सगळ्या थ्रेडचा डंप, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे याची नोंद, फायलीत उतरवून ठेवायचा. लिनक्समध्ये प्रॉक नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक उघडा डिस्क्रिप्टर दिसतो. थ्रेडचा डंप जावाच्या जेस्टॅक या साधनाने निघतो. डंप एक घेऊन भागत नाही. दहा-दहा सेकंदांनी तीन घ्यावेत, म्हणजे कोण चालतो आहे आणि कोण जागचा हलत नाही हे कळतं.

दुसरं, मी दर मिनिटाला डिस्क्रिप्टरांची संख्या मोजून तिचा आलेख काढायला लावला. असा आलेख पाहताना सगळ्यांचं लक्ष शिखरांकडे जातं. लक्ष तळाकडे द्यायला हवं. दुपारी कामाच्या गर्दीत आकडा चढणारच. रात्री गर्दी ओसरल्यावर तो कुठे येऊन टेकतो ते पाहायचं. रोज त्याच जागी टेकला तर गळती नाही. आमचा आकडा रोज आदल्या दिवसाहून हजारभर वर टेकत होता. आलेख जिन्यासारखा दिसत होता, आणि कोरड्या दिवसांत पायरी लहान, पावसात मोठी.

आमचा तर्क सरळ होता. पावसात कारखान्याची वीज किंवा लाइन जाते, जोडणी तुटते, आणि तुटलेल्या जोडणीची आवराआवर आमच्याकडे होत नाही. हा तर्क अर्धाच बरोबर आहे हे मला एका पुराने दाखवलं. २०२४च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीला पूर आला, शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते, आमची यंत्रं असलेले कारखाने बंद पडले. सगळ्या जोडण्या तुटल्या. आमचा तर्क खरा असता तर त्या दिवसांत पायरी मोठी दिसायला हवी होती. आलेख सपाट होता. तीन दिवस एका रेषेत. पाणी ओसरलं, कारखाने उघडले, वीज ये-जा करू लागली, आणि काही तासांत आकडा भराभर चढू लागला. म्हणजे जोडणी तुटताना गळती होत नव्हती. ती पुन्हा जुळताना होत होती.

इथे सॉकेटचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. समोरचा नीट निरोप घेऊन गेला तर आपल्याला कळतं. पण लाइनच तुटली तर निरोप यायला वाट कुठे असते? आपण रिसीव्हर कानाला लावून बसतो, पलीकडे कोणी नाही, तरी आपल्या लेखी फोन चालूच. अशा जोडणीवर वाचायला बसलेला थ्रेड कायमचा बसून राहतो. समोरचा जिवंत आहे का हे अधूनमधून विचारण्याची कीप-अलाइव्ह नावाची सोय असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि लिनक्समध्ये तिची पहिली विचारणा ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ७२०० सेकंदांच्या, म्हणजे दोन तासांच्या शांततेनंतर होते. आम्ही ती मागितलेलीच नव्हती.

उलट प्रकारही असतो. समोरचा निरोप घेऊन गेला आहे, पण आपण आपल्या बाजूने बंद करायचं विसरलो. ती सॉकेट क्लोज-वेट या अवस्थेत दिसतात. तसा ढीग दिसला तर चूक आपल्याच कोडमध्ये आहे हे नक्की समजावं. टाइम-वेट अवस्थेतली सॉकेट पाहून मात्र घाबरू नये. ती बंद झाल्यानंतरची नेहमीची मुदत पाळत असतात.

डंप उघडला तर आत साडेतीन हजारांवर थ्रेड, सगळे एकाच ओळीवर, सॉकेटमधून वाचताना. जावाच्या डंपमध्ये असे थ्रेड "रनेबल", म्हणजे चालू, म्हणून दाखवले जातात. नवखा माणूस यावर हमखास फसतो. ते चालू नसतात, ऑपरेटिंग सिस्टीमच्या दारात बसलेले असतात. जावाला दाराच्या आतलं दिसत नाही. अवस्थेच्या शब्दावर विसंबू नये, थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते वाचावं, आणि तीनही डंपांत तो तिथेच आहे का ते पाहावं.

थ्रेडना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. मी एक ओळ बदलली: थ्रेड सुरू होताना त्याचं नाव त्याच्या यंत्राच्या क्रमांकावरून ठेवायचं. ही आजीची वही. कोणतं भांडं कोणाकडे, ते आता दिसू लागलं. पुढच्या वेळी डंपात १७ क्रमांकाच्या यंत्राच्या नावाने २१२ थ्रेड बसलेले होते. एका यंत्राला एक थ्रेड असायला हवा. डेटाबेसच्या कनेक्शनांसाठी अशी वही तयारच मिळते. उघडी कनेक्शनं साठवून थ्रेडना उसनी देणाऱ्या साठ्याला पूल म्हणतात. हिकारी या जावाच्या प्रसिद्ध पूलमध्ये एक मुदत ठरवून देता येते, आणि तेवढ्या वेळात कनेक्शन परत आलं नाही तर ते कोडच्या कोणत्या ओळीने नेलं होतं हे तो लॉगमध्ये लिहितो. ज्यांच्याकडे ही सेटिंग आहे आणि बंद आहे, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून ती आधी चालू करावी, असं मी मनापासून सांगेन.

मग कोड उघडला. यंत्राचा क्रमांक आणि त्याची जोडणी यांचा एक तक्ता होता. यंत्र नव्याने जोडलं गेलं की नवी जोडणी तक्त्यात पुट केली जायची. त्या क्रमांकासमोर जुनी जोडणी असेल तर ती पुसली जायची. पुसली जायची म्हणजे फक्त तक्त्यातून. जुनं सॉकेट आणि त्यावर वाचत बसलेला थ्रेड आपल्या जागी तसेच. लाइन गेली, आली, यंत्राने पुन्हा हाक मारली: एक सॉकेट आणि एक थ्रेड बुडाला. पुरात कोणी पुन्हा हाक मारत नव्हतं, म्हणून रेषा सपाट होती. जावाचा पुट आधीची वस्तू आपल्या हातात परत देतो. आम्ही ती हातात घेतच नव्हतो.

दुरुस्ती दोन ओळींची. पुटने परत दिलेली जुनी जोडणी घ्यायची आणि बंद करायची. जावात एका थ्रेडने सॉकेट बंद केलं की त्यावर वाचत बसलेला दुसरा थ्रेड अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चुकीची सूचना) मिळून उठतो आणि संपतो. सी भाषेत लिनक्सवर नुसतं क्लोज करून तो उठेल याचा भरवसा नसतो, तिथे आधी शटडाउन म्हणावं लागतं. बदल सर्व्हरवर गेला, दोन दिवस पाऊस पडला, आणि मी आलेख उघडला.

चढ होताच. फक्त पूर्वीच्या निम्मा.

थोडा कमी झाला असता किंवा किंचित उरला असता तर मी आणखी कुठेतरी दुसरी गळती असेल असं समजून शोधत बसले असते. पण हा आकडा जवळजवळ बरोबर निम्मा होता, आणि असा नीटस आकडा योगायोगाने येत नाही. कागदावर एकेक पायरी लिहून काढली. पहिली जोडणी तक्त्यात आहे. यंत्र पुन्हा जोडलं जातं, दुसरी जोडणी तक्त्यात जाते, पहिली बंद होते. पहिलीचा थ्रेड उठतो आणि जाता जाता आपली आवराआवर करतो: तक्त्यातून आपल्या यंत्राची नोंद काढून टाकतो. पण ती नोंद आता त्याची राहिलेली नाही, ती दुसरीची आहे! तक्ता रिकामा झाला. यंत्र तिसऱ्यांदा जोडलं जातं, पुट म्हणतो की आधी इथे काही नव्हतं, म्हणून दुसरी जोडणी कोणीच बंद करत नाही. ती बुडाली. चौथ्या वेळी तिसरी बंद होते, आणि तिचा मरणारा थ्रेड चौथीची नोंद पुसतो. एकाआड एक.

दोन्ही थ्रेड आपापल्या जागी बरोबर वागत होते. आलेल्याने जुन्याला बंद केलं, जाणाऱ्याने आपली नोंद पुसली. मधल्या मधे नोंदीचा मालक बदलला हे जाणाऱ्याला माहीत नव्हतं. उपाय असा की नोंद काढताना "या यंत्राची नोंद काढ" असं न म्हणता "या यंत्रासमोर अजूनही मीच असेन तरच काढ" असं म्हणायचं. अनेक थ्रेडनी एकदम वापरण्यासाठी बनवलेल्या जावाच्या कन्करंट तक्त्यात रिमूव्हला क्रमांकाबरोबर वस्तूही दिली की तो नेमकं हेच एका दमात करतो, पाहणं आणि काढणं यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाला शिरू देत नाही. त्यानंतर आलेख आडवा झाला तो आजवर.

या सगळ्यानंतर मी वाचण्याला टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, लावला. यंत्र दर अर्ध्या मिनिटाला बोलतं, तेव्हा ९० सेकंद शांतता म्हणजे ते गेलं. यावर आमच्याकडे वाद झाला: हा टाइमआउट पहिल्याच दिवशी लावला असता तर इतका खटाटोप वाचला नसता का? फोन थांबले असते हे खरं. टाइमआउट नसलेलं वाचन कोणत्याही सर्व्हरवर असूच नये हेही खरं. पण तक्त्यातली चूक झाकली गेली असती, आणि १७ क्रमांकाचं यंत्र चांगलं जोडलेलं असताना तक्ता म्हणाला असता की ते नाहीच. ते यंत्र थांबवण्याचा आदेश पाठवायची वेळ आली असती तर? छडा लागेपर्यंत आजाराची खूण पुसू नये असं माझं मत आहे, आणि कारखान्याचं काम अडत असेल तर खुणेची नोंद करून मग पुसावी.

चार दिवस वाट पाहून एकेक प्रयोग करणं शक्य नसतं. म्हणून मर्यादा खाली आणावी. मी माझ्या मशीनवर डिस्क्रिप्टरची मर्यादा २०० केली आणि एक खोटं यंत्र लिहिलं, जे दर सेकंदाला जुनी जोडणी न सोडता त्याच क्रमांकाने नवी जोडणी करतं. जुना प्रोग्रॅम तीन मिनिटांच्या आत कोसळला. दोन थ्रेड एकाच गोष्टीला एकदम हात घालतात अशा शर्यतीचा संशय असेल तर "पाहिलं" आणि "केलं" यांच्यामध्ये मुद्दाम थोडी झोप घालावी. हजारांत एकदा होणारी टक्कर दर वेळी होऊ लागते.

सी आणि सी प्लस प्लसवाल्यांसाठी व्हॅलग्राइंड आणि सॅनिटायझर ही अशा चुका शोधणारी साधनं आहेत आणि ती उत्तम आहेत. पण व्हॅलग्राइंड प्रोग्रॅमला २० ते ३० पट हळू करतं आणि एका वेळी एकच थ्रेड चालवतं, त्यामुळे वेळेवर अवलंबून असलेली चूक त्यात कधी लपूनही बसते. थ्रेड सॅनिटायझर शर्यत पकडण्यासाठीच बनवलेलं आहे; त्याने प्रोग्रॅम ५ ते १५ पट मंदावतो, चाचणीत तेवढं सोसावं.

गळतीच्या भीतीने एक उलटी चूक होते आणि ती गळतीहून भयंकर आहे: सुरक्षित राहावं म्हणून दोनदा बंद करणं. सी भाषेत समजा एका थ्रेडने ७ क्रमांकाचा डिस्क्रिप्टर बंद केला. त्याच क्षणी दुसऱ्या थ्रेडने एक फाइल उघडली; सगळ्यांत लहान मोकळा क्रमांक ७, तो तिला मिळाला. आता पहिल्याने खबरदारी म्हणून ७ पुन्हा बंद केला. बंद झाली ती दुसऱ्याची फाइल. तिसऱ्याने सॉकेट उघडलं, त्यालाही ७ मिळाला, आणि दुसरा थ्रेड आपल्या फायलीत लिहितो आहे असं समजून तिसऱ्याच्या ग्राहकाला भलताच मजकूर पाठवू लागला. गळतीने प्रोग्रॅम बंद पडतो, याने डेटा खोटा होतो. लिनक्समध्ये क्लोज मध्येच अडवलं गेल्याची चूक परत आली तरी क्रमांक तोवर सुटलेला असतो, म्हणून क्लोज पुन्हा करून पाहणंसुद्धा चूकच.

आणि जे गळतीसारखं दिसतं ते दर वेळी गळती नसतं. एका कामाला डेटाबेसची दोन कनेक्शनं लागतात, पूलमध्ये १० आहेत, आणि १० थ्रेड एकदम आले. प्रत्येकाने एक घेतलं, आता प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहतो आहे. एकही कनेक्शन बुडालेलं नाही, तरी सगळं ठप्प. इथे पूलमध्ये ११ असली की निदान एकाचं काम पूर्ण होतं, तो आपली दोन्ही सोडतो आणि गाडा हलतो. खऱ्या गळतीत पूल वाढवून फक्त बिघाडाचा वार बदलतो. फरक डंपात दिसतो: इथे थ्रेड पूलच्या दारात उभे असतात आणि हात रिकामे नसतात.

लिहिताना भाषेची मदत घ्यावी. जावाचा ट्राय-विथ-रिसोर्सेस, पायथनचा विथ, गो भाषेचा डिफर, सी प्लस प्लसमध्ये वस्तू मरताना तिच्याबरोबर सगळं सोडणारी पद्धत, हे सगळे एकच वचन देतात: या कंसातून कसेही बाहेर पडा, घेतलेलं परत होईल. एका थ्रेडपुरतं हे वचन पुरतं. वस्तू एका थ्रेडकडून दुसऱ्याकडे गेली की कंस तुटतो, आणि तिथे माणसाने लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

आमच्या कोडमध्ये आता दोन थ्रेडच्या मधल्या प्रत्येक रांगेच्या वर मराठीत एक ओळ असते. पहिली ओळ मी लिहिली होती, नंतरच्या मुलांनी आपणहून लिहिल्या. यंत्रांच्या जोडण्यांच्या रांगेवर लिहिलं आहे: "रांगेत गेली की बंद करायची जबाबदारी काढणाऱ्याची. रांग भरलेली असेल तर टाकणाऱ्याची." आणि रोज रात्री ते खोटं यंत्र हजार वेळा जोडलं जातं, शेवटी चाचणी डिस्क्रिप्टर आणि थ्रेड मोजते, आणि सुरुवातीपेक्षा एकही जास्त निघाला तर सकाळचा बदल सर्व्हरवर जात नाही.